तोंडी नकार घरी आणायचा नाही
(विहाराच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



समितीने आम्हाला विषय दिला तो 'कर्ज आणि कायदा'. तेव्हा एका वडीलधाऱ्या बांधवांनी विचारलं, "विहारात धम्मावर बोलायचं सोडून हे कर्जाचं काय काढलंत?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर आधी देतो.

तथागतांनी अनाथपिंडिकाला गृहस्थाची चार सुखं सांगितली. त्यात 'अनणसुख' म्हणजे कुणाचं देणं नसल्याचं सुख हे एक आहे. म्हणजे संसारी माणसाच्या कर्जाचा विचार धम्माला परका नाही. दुसरा पुरावा तर दगडावर आहे. आपल्या दाराशी कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी आहेत. कार्ल्याच्या लेण्यात उषवदात नावाच्या दात्याचा लेख आहे. त्याने इथल्या भिक्खुसंघाला करजिक नावाचं गाव दान दिलं. याच उषवदाताचा दुसरा लेख नाशिकच्या लेण्यात आहे. त्यात त्याने तीन हजार कार्षापणांची कायम ठेव विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवल्याची नोंद आहे. दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि एक हजार दुसरीकडे दरमहा शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल मागायचं नाही, व्याजातून भिक्खूंच्या चीवरांचा आणि इतर खर्च चालवायचा.

बंधू-भगिनींनो, पैसा संघाच्या नावाचा, वापरणारे विणकर, आणि अटी सगळ्यांना वाचता येतील अशा भिंतीवर कोरलेल्या! आम्ही गिरणीत साच्यावर आयुष्य काढलेली माणसं. आमची शाळा सातवीत सुटली, पुढचं शिक्षण गिरणीच्या गेटवर, युनियनच्या ऑफिसात आणि लायब्ररीत झालं. हा लेख जेव्हा वाचनात आला तेव्हा आम्हाला अभिमान वाटला आणि एक प्रश्नही पडला. दोन हजार वर्षांपूर्वी विणकराला रक्कम आणि दर दगडावर लिहून मिळत होते. मग आज आमच्या माणसाला बँकेच्या खिडकीवर साधा नकारसुद्धा लेखी का मिळत नाही?

हाच आजचा आमचा मुद्दा आहे. तो पक्का ध्यानात ठेवा, बाकी विसरलात तरी चालेल.

आता नकार कसा मिळतो ते पाहू. आमच्या वस्तीतल्या एका भगिनीला शिलाईच्या धंद्यासाठी चाळीस हजार रुपये हवे होते. आधार, रेशनकार्ड, जातीचा दाखला, मशीनचं कोटेशन, सगळं घेऊन ती एका बँकेत गेली. शाखेचं नाव सांगायची गरज नाही, कारण हे एका शाखेचं दुखणं नाही. पहिल्या दिवशी सांगितलं, "साहेब मीटिंगला गेलेत." दुसऱ्या दिवशी, "कोटा संपला." तिसऱ्या दिवशी दाखला पाहून म्हणाले, "ताई, तुमच्यासाठी महामंडळ आहे ना, तिकडेच जा." अर्ज कुणी हातात घेतलाच नाही. चार दिवसांची मजुरी बुडाली. शेवटी तिने तेच चाळीस हजार खासगीत घेतले, महिन्याला शेकडा दहाने. म्हणजे महिन्याला चार हजार नुसतं व्याज! वर्षाला अठ्ठेचाळीस हजार भरले आणि चाळीस हजार मुद्दल जसंच्या तसं डोक्यावर.

आता बँकेत जाऊन विचारा, या बाईंचा अर्ज का नाकारला? बँक म्हणेल, असा अर्जच आमच्याकडे आलेला नाही. आणि दफ्तराप्रमाणे ते खरं बोलतात! तोंडी नकाराची गंमत हीच आहे. तो माणसाला सावकाराच्या दारात नेऊन सोडतो आणि स्वतःच्या पायाचा ठसा मागे ठेवत नाही.

ही गोष्ट फक्त आपल्याच देशात घडते असं नाही. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले. त्या अमेरिकेत १९३० च्या दशकात सरकारी यंत्रणेने शहरांचे नकाशे रंगवले. काळ्या लोकांच्या वस्त्यांवर बहुधा लाल रंग मारला. लाल रंग म्हणजे इथे घरासाठी पैसे देणं धोक्याचं. माणूस कमावता आहे की नाही हे पुढचं, आधी पत्ता बघायचा. तिथल्या लोकांनी लढा दिला. ४ एप्रिल १९६८ रोजी मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवड्याभरात घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. त्यात घरकर्जही आलं. १९७४ साली कर्जात समान संधी देणारा कायदा झाला. आधी तो स्त्री-पुरुष आणि विवाहित-अविवाहित या भेदापुरता होता, १९७६ साली त्यात वंश, वर्ण, धर्म, मूळ देश, वय हेही आले. सरकारी मदतीवर जगतो म्हणूनही कुणाला नाकारायचं नाही. काही राज्यांनी आपले वेगळे कायदे केले. या कायद्यातली आम्हाला सर्वांत मोलाची वाटलेली गोष्ट ही, की अर्ज पूर्ण आल्यावर तीस दिवसांत निर्णय कळवायचा आणि नकार असेल तर त्याचं कारण मागण्याचा हक्क अर्जदाराला आहे. भेदभाव तिथून नाहीसा झाला असं कुणी म्हणणार नाही. पण लढायला कागद हातात आला.

आपल्याकडे 'कर्जात भेदभाव करू नका' असं सांगणारा एकच स्वतंत्र कायदा नाही. पण म्हणून आपण उघडे नाही. आपली गोधडी तुकड्या-तुकड्यांची आहे, ती शिवून घ्यावी लागते. एकेक तुकडा पाहू.

पहिला तुकडा संविधानाचा. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली. कलम १५ मध्ये दुकानं, उपाहारगृहं यांत जात, धर्म, लिंग यावरून कुणाला अडवायचं नाही असं आहे. संविधान सभेत नोव्हेंबर १९४८ मध्ये प्रश्न निघाला की 'दुकान' म्हणजे नेमकं काय? बाबासाहेबांनी खुलासा केला, की हा शब्द नुसत्या आत जाण्यापुरता नाही, तर अटी मान्य असणाऱ्याला सेवा मिळण्याच्या व्यापक अर्थाने आहे. बँकेचं नाव त्यांनी त्या वेळी घेतलं नव्हतं. पण पैसा उसना देणं ही सेवाच आहे, हे सांगायला वकील लागत नाही.

दुसरा तुकडा १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याचा. त्याच्या कलम ६ प्रमाणे, जी सेवा इतरांना ज्या वेळी, ज्या ठिकाणी आणि ज्या अटींवर मिळते, ती अस्पृश्यतेच्या कारणाने नाकारणं हा गुन्हा आहे. 'त्याच अटींवर' हे शब्द ध्यानात ठेवा. शेजाऱ्याला एक जामीनदार आणि आपल्याला दोन, हे त्यात बसत नाही.

तिसरा तुकडा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचा. २०१५ साली त्यात दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. आर्थिक बहिष्काराची व्याख्या तिथे दिली आहे. व्यवहाराला नकार देणं, सेवा मिळू न देणं, रोजच्या धंद्यात ज्या अटींवर काम होतं त्या अटींवर करायला नकार देणं, हे सगळं त्यात येतं. इथे बौद्धांनी एक लक्षात ठेवायचं. १९५० च्या आदेशात अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता होता. १९५६ साली शीख आले आणि बौद्ध धर्म स्वीकारलेल्या आपल्या लोकांना केंद्राने तो १९९० साली दिला. चौतीस वर्षं! म्हणून जातीचा दाखला नीट काढून ठेवा, त्याला कमीपणा मानू नका. पण हे कायद्याचं शेवटचं हत्यार आहे. ते उगारायचं तर पुरावा पक्का हवा, आणि पुरावा म्हणजे पुन्हा कागदच.

चौथा तुकडा रिझर्व्ह बँकेचा, आणि रोजच्या कामाला हाच सर्वांत उपयोगी. मे २००३ मध्ये रिझर्व्ह बँकेने कर्ज देणाऱ्यांसाठी न्याय्य व्यवहाराची संहिता दिली. त्यात स्पष्ट आहे, की कर्ज देताना लिंग, जात आणि धर्म यांवरून भेदभाव करायचा नाही. आलेल्या अर्जाची पोच द्यायची. नकार दिला तर मुख्य कारण लेखी कळवायचं. अनुसूचित जाती-जमातींच्या अर्जासाठी आणखी एक नियम आहे. तो अर्ज शाखेने परस्पर फेटाळायचा नाही. नकाराचा निर्णय शाखेच्या वरच्या पातळीवर व्हायला हवा आणि कारण स्पष्ट लिहायला हवं. आता विचार करा, त्या शिलाईवाल्या ताईंना "कोटा संपला" असं सांगणाऱ्याला तो अधिकार होता का? परिपत्रकांचे नंबर बदलत राहतात, म्हणून नंबर पाठ करू नका. नियम पाठ करा.

पाचवा तुकडा सहकाराचा. मावळातल्या भातशेतकऱ्याला पीककर्ज बहुधा गावच्या विकास सोसायटीतून मिळतं आणि सोसायटीचं दार सभासदत्वाचं. आपल्या लोकांना वर्षानुवर्षं ऐकवलं जातं, "सभासद भरती बंद आहे." १९६० च्या सहकारी संस्था कायद्यात असं दार लावून घेता येत नाही. कलम २३ सांगतं, पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारायचं नाही. कलम २२ प्रमाणे तीन महिन्यांत निर्णय कळवला नाही तर तो माणूस सभासद झाला असं मानलं जातं. पण तीन महिने मोजायचे कधीपासून? अर्ज पोहोचला त्या तारखेपासून. पोच नसेल तर मोजणीच सुरू होत नाही!

जमिनीबद्दलही थोडं बोललं पाहिजे. आपल्यापैकी अनेकांच्या जमिनी जुन्या वतनाच्या. या वतनाच्या गुलामीविरुद्ध बाबासाहेबांनी मुंबईच्या कायदेमंडळात १९२८ साली विधेयक आणलं. पुढे १९५८ चा कायदा झाला आणि १ ऑगस्ट १९५९ पासून ही कनिष्ठ गावकामगार वतनं संपली. जमिनी परत मिळाल्या त्या नवीन शर्तीवर, म्हणजे सातबारावर भोगवटादार वर्ग २. परवानगीशिवाय विकता येत नाही हे बरोबर, आणि ते आपल्या संरक्षणासाठीच आहे. मावळात आज जमिनीला सोन्याचा भाव आलाय, ही शर्त नसती तर किती जणांच्या हातात सातबारा उरला असता? पण शाखेत 'वर्ग २' पाहिलं की सांगतात, "यावर कर्ज होत नाही." हे अर्धवट आहे. महसूल संहितेच्या कलम ३६ मध्येच अशा जमिनीवर सहकारी संस्थेकडून किंवा बँकेकडून कर्जासाठी तारण देण्याची वाट ठेवलेली आहे. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून शेतीच्या दोन लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचंच नाही असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आला. म्हणून "होत नाही" म्हणाले तर नम्रपणे म्हणायचं, "साहेब, तेवढं लिहून द्या."

सहावा तुकडा सावकारीचा. आपल्या पुणे जिल्ह्यातच भीमथडी तालुक्यात सुपे इथे मे १८७५ मध्ये शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे ओढून काढून जाळले. त्यातून १८७९ चा शेतकरी मदत कायदा आला. कोर्टाला रोख्याच्या मागचा खरा हिशेब तपासायचा अधिकार मिळाला आणि सावकारावर पावती द्यायची सक्ती आली. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीसुद्धा भांडण शेवटी कागदावरच येऊन थांबलं. आज महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. विनापरवाना सावकारी करणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. चक्रवाढ व्याज लावता येत नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही. सरकारने त्या वर्षी ठरवलेल्या दराने बिगरशेतकऱ्याला विनातारण कर्जावर जास्तीत जास्त वर्षाला शेकडा अठरा. मघाच्या चाळीस हजारांवर हे वर्षाचे सात हजार दोनशे होतात. त्या ताईंनी भरले अठ्ठेचाळीस हजार. सावकाराने जमीन बळकावली असेल तर जिल्हा निबंधकांकडे अर्ज करून ती परत मिळवण्याची तरतूदही या कायद्यात आहे.

इतके तुकडे असूनही थंडी वाजते, कारण भेदभाव आता जातीचं नाव घेऊन येत नाही. आमच्या धंद्यातलं उदाहरण देतो. मुंबईच्या गिरण्यांत साचेखात्यात पगार जास्त, पण आपल्या माणसाला तिथे प्रवेश नव्हता. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्याच्या भोकातून सूत तोंडाने ओढावं लागे आणि त्याचा इतरांना विटाळ! १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न वेशीवर टांगला. वर्षानुवर्षं खात्याबाहेर ठेवल्यावर पुढे बोलायला सोपं झालं, की यांना साचेकाम येतच नाही. आधी दार लावायचं आणि मग बाहेरच्याला अनुभव नाही म्हणायचं. कर्जाचंही तसंच. आधी कर्ज द्यायचं नाही आणि मग म्हणायचं, "तुमचा सिबिल नाही." यावरही उत्तर आहे. पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याला केवळ मागचा इतिहास नाही म्हणून नाकारू नये, असं सरकारने २०२५ साली संसदेत स्पष्ट केलं. आणि आपला स्वतःचा पत अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो. तो काढून बघा, चूक असेल तर दुरुस्त करून घ्या.

मित्रांनो, एक खरं तेही बोललं पाहिजे. प्रत्येक नकारात जात नसते. उत्पन्न कमी असेल, जागा गायरानात असेल आणि कागदच नसतील, मागचा हप्ता थकलेला असेल, तर बँक दुसऱ्या कुणालाही नाहीच म्हणेल. तोंडी नकाराने नेमकं हेच कळत नाही. कागद कमी म्हणून नाकारलं की आडनाव बघून? लेखी कारण मिळालं तर पहिल्या बाबतीत आपण कमतरता भरून काढू, दुसऱ्या बाबतीत लढू. आणि कर्ज म्हणजे अनुदान नव्हे. निवडणुकीत माफी होणार म्हणून हप्ते थांबवणारा माणूस आपल्या शेजाऱ्याच्या अर्जावर लाल शाई ओढतो, हे आम्ही कडू वाटलं तरी सांगणार.

आता करायचं काय ते थोडक्यात. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्या. घेत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती हीच पोच. महात्मा फुले महामंडळाची बीजभांडवल योजना असेल तरी साधारण पाऊण हिस्सा बँकेचाच असतो, म्हणून महामंडळाच्या मंजुरीवर खूश होऊन थांबू नका, बँकेतला अर्ज वेगळा सांभाळा. नकार आला तर लेखी कारण मागा. मिळालं नाही तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार करा. तीस दिवसांत उत्तर नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी नाही, वकील नको, चौकशीला १४४४८ हा फोन आहे. तिथे एक खाच आहे. "मला कर्ज द्यायला लावा" अशी तक्रार टिकत नाही, कारण कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय धरतात. तक्रार अशी लिहा: पोच दिली नाही, मुदतीत कळवलं नाही, कारण दिलं नाही, वरच्या अधिकाऱ्याकडे अर्ज पाठवला नाही. सरकारी बँकेत माहितीच्या अधिकारात दहा रुपये भरून आपल्या अर्जाचं काय झालं ते विचारता येतं. पतसंस्था आणि सोसायटीसाठी तालुक्याचे सहायक निबंधक.

आमची विहार समितीला एक विनंती आहे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी इथून जवळच देहूरोडला बुद्धमूर्तीची प्रतिष्ठापना केली. त्या भूमीच्या शेजारी राहणाऱ्या आपण विहाराला नुसतं वंदनेपुरतं ठेवू नये. दर रविवारी वंदनेनंतर एक तास कर्जाच्या कागदांसाठी द्यावा. शिकलेल्या पोरापोरींनी अर्ज भरून द्यावेत. आणि एक साधी वही ठेवावी. तारीख, शाखा, कशासाठी कर्ज, किती रक्कम, पोच मिळाली का, उत्तर काय मिळालं. एका माणसाचा नकार हा नशिबाचा भाग म्हणून सोडून देता येतो. पण एकाच शाखेतून चाळीस जणांना पोच मिळाली नाही असं तारखांसह वहीत दिसलं, तर ती वही घेऊन आपण जिल्हाधिकाऱ्यांपुढे, अग्रणी बँकेपुढे ताठ मानेने बसू शकतो.

त्या शिलाईवाल्या ताईंचं नाव या वहीत पहिलं लिहायचं असं आम्ही ठरवलंय. त्यांचा नवा अर्ज स्पीड पोस्टाने गेला आहे, पावती आमच्याकडे आहे. उत्तर काय येतं ते आम्ही सांगू शकत नाही. पण या वेळी जे काही येईल ते कागदावर येईल.



नमो बुद्धाय! जय भीम! जय भारत!